तारा कुठं फुटला

वाघमारे मॅडम कुठल्याही खोलीत शिरल्या की आधी छताकडं बघायच्या, माणसांकडं नंतर. तुळई कुठून कुठं गेलीय, भिंतीला तडा आहे का, पंखा कशाला टांगलाय, एवढं पाहून झालं की मग "बसा, बसा" म्हणत दाराजवळची खुर्ची स्वतःकडं ओढायच्या. लातूरच्या कॉलेजात भौतिकशास्त्र विभागात मी तासिका तत्त्वावर रुजू झाले, त्या पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं, गाव विचारलं. मी मुखेडची म्हटल्यावर पुढचा प्रश्न आला, "घर दगडाचं का विटांचं?"

"विटांचं."

"वर स्लॅब?"

"न्हाई मॅडम, पत्रे."

"छान," त्या म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा खरोखर मोकळा झाला. आमच्या पत्र्याच्या घराला छान म्हणणारं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं.

पन्नाशीच्या, ठेंगण्या, अंगानं काटक. साडी नेसायच्या पण पायात मागून पट्टा असलेली सँडल, कारण चप्पल पळताना निसटते. किल्ल्यांच्या जुडग्यात एक पिवळी शिट्टी होती. विभागप्रमुख म्हणून पहिल्या मजल्यावरची केबिन मिळत होती ती त्यांनी घेतली नाही. तळमजल्यावर प्रयोगशाळेच्या व्हरांड्याला लागून सामान ठेवायची खोली होती, तिथं टेबल लावलं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, घरी एकट्याच. सगळ्यांना वाटायचं बाई जरा हललेली आहे. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं.

त्यांच्या पीएच.डी.चा विषय होता, फुटलेले तारे आपापल्या दीर्घिकेत, म्हणजे आकाशगंगेत, नेमके कुठं फुटले. आकाशाकडं मात्र त्या फारशा बघायच्या नाहीत. मोठमोठ्या दुर्बिणींनी टिपलेले फोटो इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुले असतात. ते उतरवून घ्यायचे, कागदावर छापायचे आणि भर दुपारी प्लॅस्टिकच्या फूटपट्टीनं मोजायचे. दीर्घिकेच्या मध्यावर लाल फुली, स्फोटाच्या जागी निळी, मधलं अंतर बाजूला पेन्सिलीनं. हेच काम संगणक करून द्यायचा, त्यांना तेही येत होतं, पण आधी हातानं मोजल्याशिवाय त्या संगणकाच्या आकड्याला हात लावत नसत. दुसरं माप मी घ्यायचं, त्यांचं न बघता. दोन्ही जुळले तर पान फाइलला लागायचं. नाही जुळले तर दोघी पुन्हा मोजायच्या, आणि चूक माझी निघाली तरी त्या एवढंच म्हणायच्या, "पट्टी जुनी झालीय."

हळूहळू मला त्या फोटोंची ओळख पटत गेली. काही दीर्घिका भोवऱ्यासारख्या, फिरकीच्या हातांच्या. त्या हातांवर निळसर गुलाबी ठिपक्यांचे पुंजके असतात, तिथं नवे तारे जन्मत असतात. फार मोठे तारे लवकर संपतात. जन्मल्या जागेपासून लांब जायला त्यांना सवडच मिळत नाही, म्हणून त्यांचे स्फोट त्या पुंजक्यांच्या आसपासच सापडतात. दुसऱ्या जातीचे स्फोट लहान, विझून गेलेल्या पांढऱ्या ताऱ्यांचे. ते जोडीदाराचं द्रव्य ओढून किंवा जोडीदारालाच जाऊन मिळून, कधीकधी कोट्यवधी वर्षांनी फुटतात. ते मध्यात असतात, काठावर असतात, जिथं नवा तारा जन्मायचा कधीच थांबलाय अशा म्हाताऱ्या, गोल दीर्घिकांतही असतात.

"हे मला आवडत नाहीत," मॅडम दुसऱ्या जातीच्या फाइलवर हात ठेवून म्हणाल्या. "मोठ्यांचं कळतं तरी, की बाबा हितं धोका हाय. हे कुठंही."

कोणी काही वाईट बातमी आणली की त्यांचा पहिला प्रश्न तोच असायचा. कुठं झालं? अपघात असो, आग असो, कुणाला झटका आलेला असो. कसं आणि का, ते नंतर. लोकांना ते विचित्र वाटायचं, एकदा एका शिपायानं तोंडावर म्हटलं, "मॅडम, माणूस गेला मनतोय मी, अन् तुमी जागा विचारायलात."

एकदा बी.एस्सी.च्या वर्गावर त्या शिकवत होत्या, मी मागं बसले होते. मागच्या रस्त्यानं उसानं भरलेला ट्रक गेला आणि खिडकीच्या काचा खडखडल्या. खडू जमिनीवर पडायच्या आत मॅडम व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून मैदानात पोचल्या होत्या. वर्ग हसायला लागला. मॅडम परत आल्या तेव्हा त्यांच्या ओठांवरचा रंग गेलेला होता. त्यांनी दुसरा खडू घेतला.

"मी भ्याले होते. हसून झालं असेल तर पुढचं समीकरण लिहा."

पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, ट्रक होता."

"आता कळलं ना ट्रक होता. आधी कुठं माहीत होतं?"

त्या दिवशी दुपारी मोजत असताना मी विचारलं, की मॅडम, हाच विषय का घेतला. त्यांनी पट्टी कागदावरून उचलली नाही.

"आमचं गाव किल्लारीजवळ. भूकंप झाला तेव्हा मी एकोणीस वर्षांची, वसतिगृहातून घरी आलेली. आमचं घर बौद्धवाड्यात, कुडाचं, वर पत्रा. ते हाललं अन् उभं राहिलं. माझ्या अंगावर माती पडली, बस. आई त्या दिवशी गावात एका बाळंतिणीजवळ झोपायला गेलती. त्यांचं माळवद. दगडामातीच्या हात-हात रुंद भिंती, वर मातीचा थर. ते बसलं." त्यांनी पेन्सिलीनं आकडा लिहिला. "आमच्या घरापासून चारशे पावलं. नंतर मी मोजली. घे, दुसरं माप तुझं."

मी पट्टी हातात घेतली. त्या दिवशी आमची मापं जुळली नाहीत.

त्यानंतर मीही छतांकडं बघायला लागले. मुखेडला घरी गेले की स्वयंपाकघराच्या भिंतीवरची एक बारीक रेघ मी रोज बघायचे, कालच्यापेक्षा लांब झाली का म्हणून. आई म्हणाली, "त्या बाईनं तुला येडं केलंय."

त्यांच्या यादीत एक स्फोट असा होता की त्याच्या आसपास दीर्घिकाच नव्हती. काळ्या कागदावर एक ठिपका, बस. सगळ्यांत जवळची दीर्घिका बरीच दूर, तिच्यासारख्या चारपाच शेजारी ठेवाव्यात एवढी. असे काही असतात. दोन मेलेले, अतिशय घट्ट तारे एकमेकांभोवती फिरत असतात, आपल्याच जन्माच्या धक्क्यानं दीर्घिकेबाहेर फेकले जातात आणि भटकत भटकत कुठंतरी लांब एकमेकांवर आदळतात. पण हा त्यातलाच, असं सांगायला पुरावा पुरत नव्हता. मार्गदर्शकांनी फोनवर सांगितलं, जवळच्या दीर्घिकेच्या नावावर लावून टाका, तक्ता पूर्ण होईल.

"सर, जवळ हाय म्हणून तिचाच म्हणायचं का?"

पलीकडून काही बोलणं झालं. मॅडम ऐकत राहिल्या, आणि शेवटी म्हणाल्या, "मग तो रकाना मी मोकळा सोडते." चार महिने त्या ठिपक्याच्या आजूबाजूचे सगळे फोटो त्यांनी चाळले. काही मिळालं नाही. प्रबंधात तो रकाना मोकळाच गेला, आणि परीक्षकानं त्यावरच सगळ्यात जास्त प्रश्न विचारले. प्रबंध झाला तरी आमचं मोजणं चालूच राहिलं.

आता एका गावाचं सांगते. निलंग्याकडचं गाव, नाव लिहीत नाही, तिथं अजून माणसं राहतात. पुढच्या हिवाळ्यात तिथं जमिनीतून आवाज यायला लागले होते. अशातच मोबाइलवर एक मेसेज फिरला, की येत्या अमावास्येला मृगातला तांबडा तारा फुटणार, त्याच्या धक्क्यानं जमीन दुभंगणार, खालून येणारे आवाज त्याचेच. अर्धं गाव शेतात राहायला गेलं. शाळा ओस पडली. सरपंच बापूराव आमच्या प्राचार्यांच्या ओळखीचे. त्यांनी फोन केला की ताऱ्यांचं कळणारं कुणीतरी पाठवा. प्राचार्यांनी वाघमारे मॅडमना बोलावलं.

मला वाटलं त्या नाही म्हणतील. जमिनीतून आवाज येणाऱ्या गावात ही बाई जाईल कशाला? त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. मग म्हणाल्या, "मनीषा, तू येशील का बरोबर? एकटीनं जमायचं नाही मला."

दुपारी चारला शाळेच्या पटांगणात, लिंबाच्या झाडाखाली गाव जमलं. मॅडमनी काडीनं जमिनीवरच आपल्या आकाशगंगेचा भोवरा काढला. मोठे तारे कुठं फुटतात, लहान कुठं, सगळं त्यांनी सांगितलं, आणि लोक ऐकत होते. भोवऱ्याच्या मध्यापासून काठाच्या साधारण निम्म्या वाटेवर एक खडा ठेवला. "हे आपण." दुसरा खडा जरासा शेजारी. "हा तुमचा तांबडा तारा, काक्षी. हा म्हातारा झालाय, फुटणार हे खरं. उद्या फुटेल नाहीतर लाख वर्षांनी, कुणालाच सांगता येत नाही. फुटला तर दिवसा दिसेल. पण तो एवढा लांब हाय की त्याचा धक्का आपल्या जमिनीला लागत नाही. तुमचा आवाज त्याचा नाही."

काशीबाई म्हणून एक म्हातारी पुढंच बसली होती. ती म्हणाली, "अन् ते दुसरे? कुठं बी फुटतेत मनलात ते? त्यातला आपल्याजवळ हाय का कुणी?"

मॅडमनी जमिनीवरच्या दोन खड्यांकडं बघितलं. "घाबरावं इतक्या जवळ कोणी माहीत नाही," त्या म्हणाल्या.

"माहीत न्हाई, का न्हाईच?"

"माहीत नाही, मावशी."

तेवढ्यात तो आला. आवाज मी ऐकला त्याआधी तळपायांना कळला. शेजारच्या खोलीत कुणी भलामोठा रांजण फरशीवरून ओढत न्यावा तसा, पण खालून. शाळेच्या पडवीतली पाण्याची लोखंडी टाकी किणकिणली. झाडावरचे कावळे एकदम उठले. कोणी ओरडलं नाही, हे मला अजून आठवतं. एवढी माणसं आणि नुसता श्वासांचा आवाज. मॅडम धावत सुटल्या होत्या. पटांगणाच्या मध्यात, जिथं वर काहीच नव्हतं, तिथं जाऊन त्या उकिडव्या बसल्या आणि दोन्ही हात डोक्यावर धरले. माझे पाय मात्र जागचे हललेच नाहीत.

आवाज थांबला. मॅडम उठल्या, साडीची माती झटकली आणि सगळ्यांसमोर परत आल्या. काशीबाई शेजारणीला म्हणाली, "भ्याली की गं बाई. आपल्यावानीच हाय." आणि का कोण जाणे, लोक आणखी जवळ सरकून बसले.

बापूराव मात्र वैतागले. त्यांनी मॅडमना बाजूला घेतलं, मी तिथंच होते. "मॅडम, आता तेवढं सांगून टाका, समदे घरात जा मनून. तुमचं ऐकतेत. लेकरंबाळं थंडीनं बेजार झालीत."

"ताऱ्याचं मी सांगितलं. जमिनीचं मला कळत नाही."

"मनायला काय जातंय? धीर येतो माणसाला."

"अन् पडलं तर?"

बापूराव घरांकडं बघायला लागले. मग मॅडमच म्हणाल्या, "घरं दाखवा मला."

दिवस मावळेपर्यंत आम्ही घरोघरी फिरलो. मॅडम आत जात नव्हत्या. दारातून बघायच्या, भिंतीवर हात फिरवायच्या. त्या प्रत्येकाला एकच गोष्ट सांगत होत्या, "मी इंजिनिअर नाही. मला भीती कुठल्या घराची वाटते एवढंच मी सांगते." पत्र्याची आणि विटा-सिमेंटची घरं असलेल्यांना आत झोपा म्हणाल्या. दगडामातीच्या माळवदाखाली झोपू नका, जमलं तर शेजारच्या पत्र्यात जा. गावात माळवदं पाचसहाच उरली होती. त्यातलं सगळ्यांत मोठं गोविंदअप्पांचं. अप्पा ऐंशीच्या पुढचे, खोकला लागलेला. त्यांचा मुलगा शिवराज म्हणाला, "आमचे अप्पा दुसऱ्याच्या घरी झोपायचे न्हाईत, मॅडम."

"मग अंगणात. पण आत नको."

अप्पा हसले. "बरं पोरी. तू एवढी भिऊन सांगायलीस तर झोपतो भाईर."

अमावास्या आली आणि गेली. तारा जिथल्या तिथं. आवाज महिनाभर येत राहिले, मग कमी झाले. एकही भिंत पडली नाही. गोविंदअप्पा मात्र अंगणात बाज टाकून झोपले, त्या थंडीनं त्यांच्या छातीत कफ भरला, लातूरच्या दवाखान्यात आणेपर्यंत उशीर झाला होता.

ही बातमी द्यायला शिवराज स्वतः कॉलेजात आला. व्हरांड्यातच उभा राहिला. तेरावं नुकतंच झालं होतं, डोकं भादरलेलं. मॅडम खुर्चीतून उठल्या. त्यानं आवाज चढवला नाही.

"घर उभं हाय, मॅडम. बाप गेला."

मॅडमनी या वेळी काहीही विचारलं नाही. तो गेल्यावर त्या उभ्याच राहिल्या, मग मला म्हणाल्या, "त्याचं बरोबर हाय." मी काहीतरी समजुतीचं बोलायला लागले, की तुम्ही तर शेजारी जा म्हणाला होतात, की अप्पांना आधीचाच खोकला होता. त्यांनी हातानंच थांबवलं. पुढचे कित्येक दिवस आम्ही एकही पान मोजलं नाही. त्यांची भीती आता छतापुरती राहिली नव्हती. वर्गात एखाद्या पोरानं साधं विचारलं, की मॅडम, परीक्षेला हा धडा येईल का, तरी त्या उत्तर द्यायला चाचरायच्या.

मग त्या महिन्याच्या महिन्याला त्या गावी जायला लागल्या. शिवराजच्या दारासमोर पाच-दहा मिनिटं उभ्या राहायच्या, अप्पांच्या बायकोची विचारपूस करायच्या, परत यायच्या. शिवराज बोलायचा नाही. मी म्हटलं, कशाला जाता, तो अपमान करील. त्या म्हणाल्या, "करू दे की. त्याला कुणाला तरी बोलायचं असेल तर मी तिथं असावं."

उन्हाळ्याच्या तोंडाशी मला देगलूरच्या कॉलेजात कायमची जागा मिळाली. जायच्या आधी एकदा मी त्यांच्याबरोबर त्या गावी गेले. शिवराज दारात बसून टोपल्याला दोरी गुंडाळत होता. आम्हाला बघून त्यानं मान खाली घातली. मॅडम नेहमीसारख्या उभ्या राहिल्या. या वेळी तो मान न उचलता बोलला.

"काल फिरून आवाज आलता."

मॅडमचा हात माझ्या दंडावर आला. घट्ट.

"खरं सांगा मॅडम. आई आत झोपू द्यायची का भाईर?"

या प्रश्नाचं उत्तर एकदा देऊन काय झालं ते तिघांनाही माहीत होतं. मॅडमनी माळवदाच्या भिंतीकडं बघितलं, वर बघितलं, मग त्याच्याकडं.

"मला माहीत नाही, शिवराज. आत मला भीती वाटते. बाहेर काय झालं तेही बघितलं. तिसरं काही करता येईल का, ते आपण बघू."

त्यानं दोरीला गाठ मारली. मग उठला, आतून दोन पाट आणून अंगणात टाकले आणि आईला म्हणाला, "चहा ठेव." तासाभरानं तो आणि मॅडम अंगणाच्या कोपऱ्यात, भिंतीपासून लांब, पावलांनी जागा मोजत होते. पत्र्याची एक खोली, विटांचं जोतं, थंडीला तिन्ही बाजूंनी बंद. पाऊस लागायच्या आत ती खोली उभी राहिली, हे मला नंतर फोनवर कळलं. तो फोन मॅडमचाच होता, आणि तो शेवटचा. त्याच पावसाळ्यात त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. मी देगलूरहून निघेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

म्हणून त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच दिवशी, गावाच्या फाट्यावर. मला दुसरीकडं जायचं होतं, त्यांना लातूरला. जीप आधीच गच्च भरलेली. पुढच्या सीटवर कोणीतरी सरकून त्यांना जागा दिली आणि मागच्या एका बाईनं आपलं झोपलेलं लेकरू, विचारायच्याही आधी, पुढं त्यांच्या मांडीवर दिलं. मॅडम गोंधळल्या. मग त्यांनी ते नीट घेतलं. रस्ता खराब होता, जीप सुटताच एका खड्ड्यात आदळली. मी बघितलं तर त्यांनी एक हात लेकराच्या डोक्याखाली घातला होता, दुसरा त्याच्याच डोक्यावर छपरासारखा धरला होता, आणि डोळे गच्च मिटून घेतले होते. लेकरू झोपलेलंच होतं.